घाऊक जखमा, सुटा इलाज

१९८८ साली स्कॉट क्रंप या अमेरिकी अभियंत्याने आपल्या लहान मुलीसाठी खेळण्यातला बेडूक करायला घेतला. ग्लू गनमध्ये त्याने पॉलिथिलीन आणि मेणबत्तीचं मेण भरलं आणि वितळलेल्या मिश्रणाचा एक थर, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा असं करत बेडूक उभा केला. पुढे हेच काम त्याने यंत्राकडे सोपवलं, १९८९ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि पत्नी लिसाबरोबर स्ट्रॅटसिस ही कंपनी काढली. आज शाळाकॉलेजांच्या प्रयोगशाळांत दिसणारे बहुतेक स्वस्त थ्रीडी प्रिंटर याच तंत्रावर चालतात.

थ्रीडी प्रिंटिंगचा जन्म मात्र या बेडकाच्याही आधीचा. जपानमध्ये नागोयाच्या औद्योगिक संशोधन संस्थेतल्या हिदेओ कोडामा यांनी प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रवापासून थराथराने वस्तू घडवण्याची रीत १९८१ मध्ये मांडली होती. अमेरिकेत चक हल यांना त्याच धर्तीच्या यंत्राचं पेटंट १९८६ मध्ये मिळालं. पण पुढची वीसेक वर्षं ही यंत्रं मुख्यतः मोटारी आणि विमानं बनवणाऱ्यांच्या कारखान्यांत राहिली. तिथे नव्या भागाचा नमुना झटपट काढून पाहायला त्यांचा उपयोग होई. किंमत अशी की दवाखान्याने नावही काढू नये, आणि जनावरांच्या दवाखान्याने तर नाहीच नाही.

वास्तविक या यंत्राची गरज सगळ्यात जास्त होती ती जनावरांच्या डॉक्टरांना. कारखाना चालतो नगांच्या संख्येवर. प्लॅस्टिकची बादली करायची तर आधी पोलादी साचा लागतो. त्याचा खर्च हजारो बादल्यांवर वाटला गेला की परवडतो, आणि एकच बादली हवी असेल तर कारखानदार हात जोडतो. जनावरांच्या डॉक्टरला नेहमी ही एकच बादली हवी असते. माणसाचा खुब्याचा सांधा ठरावीक मापांत तयार मिळतो, कारण माणसाची हाडं थोड्याफार फरकाने सारखी असतात. इथे मात्र एका टेबलावर पंचवीस-तीस ग्रॅमची चिमणी येते, दुसऱ्यावर पन्नास किलोचा कुत्रा, आणि अंगणात काही टनांचा हत्ती उभा असतो. एकाचं माप दुसऱ्याला लागत नाही. बाजार नाही म्हणून माल नाही, आणि माल नाही म्हणून इलाज नाही, असा हा तिढा होता.

तरी हातच्या कारागिरीवर काही जणांनी तो सोडवून दाखवला. थायलंडमध्ये सोरायदा सालवाला यांनी १९९३ मध्ये लाम्पांग इथे हत्तींचं इस्पितळ सुरू केलं. म्यानमारच्या सरहद्दीवरच्या भूसुरुंगांनी जायबंदी झालेले हत्ती तिथे येत. मोताला या हत्तिणीचा पाय १९९९ मध्ये गेला, तर मोशा अवघ्या सात महिन्यांची असताना २००६ मध्ये तिचा पाय सुरुंगावर पडला. माणसांसाठी स्वस्त कृत्रिम पाय बनवण्यात हयात घालवलेले शल्यविशारद थेर्दचाई जीवाकाते यांनी मोशासाठी पाय बनवला. ती वाढत गेली, वजन वाढलं आणि प्रत्येक वेळी पाय नव्याने घडवावा लागला. त्याच सुमारास फ्लोरिडात, खेकड्यांच्या पिंजऱ्याच्या दोरीत अडकून शेपूट गमावलेल्या विंटर नावाच्या डॉल्फिनला केविन कॅरोल आणि डॅन स्ट्रेम्पका यांनी कृत्रिम शेपूट बसवलं. प्रत्येक कामामागे महिनोन्‌महिने झटणारा एखादा झपाटलेला माणूस होता. तो नसता तर ते काम झालंच नसतं.

पक्ष्यांच्या बाबतीत हाताची कारागिरी तोकडी पडत होती. पक्ष्याची हाडं पातळ आणि बरीचशी पोकळ असतात. थोड्याशा वजनाचा फरकही डोक्याचा तोल बिघडवतो. शिवाय चोच म्हणजे हाडावरचं केराटिनचं, म्हणजे आपल्या नखासारख्या पदार्थाचं, आवरण. ते सतत वाढत असतं आणि वाढता वाढता चिकटवलेली वस्तू सैल करून टाकतं. तुटलेल्या चोचीचा पक्षी खाऊ शकत नाही, पिसं साफ करू शकत नाही, आणि आजारपण लपवण्याची त्याची उपजत सवय अशी की खंगलाय हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

२००५ मध्ये अलास्कात एका गरुडमादीच्या चोचीवर कुणीतरी गोळी झाडली. वरची चोच जवळजवळ सगळी गेली. ‘ब्यूटी’ या नावाने ओळखली जाणारी ही पांढऱ्या डोक्याची मादी पुढे आयडाहोतल्या पक्षी-पुनर्वसन केंद्रात जेन फिंक कँटवेल यांच्याकडे आली. तिला हाताने भरवावं लागे. नेट कॅल्विन या अभियंत्याने तिच्यासाठी संगणकावर चोच रेखली आणि २००८ मध्ये नायलॉनच्या जातीच्या प्लॅस्टिकची ती चोच बसवली गेली. ब्यूटी स्वतः पाणी पिऊ लागली. रानात मात्र तिला परत सोडता आलं नाही, कारण शिकार फाडण्याइतकं बळ त्या चोचीत नव्हतं.

याच सुमारास दोन गोष्टी जुळून आल्या. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठातल्या एड्रियन बोयर यांनी २००५ पासून ‘रेपरॅप’ हा प्रकल्प चालवला होता. प्रिंटरचे बरेचसे भाग प्रिंटरनेच काढायचे आणि त्याचे आराखडे सगळ्यांना फुकट द्यायचे, ही त्यामागची कल्पना. दुसरी गोष्ट म्हणजे २००९ मध्ये क्रंप यांच्या मूळ पेटंटची मुदत संपली. काही वर्षांतच लाखांतलं यंत्र हजारांत आलं. कुणाच्या गॅरेजमध्ये, कुणाच्या कॉलेजात ते पोचलं, आणि सुटा नग परवडू लागला.

त्यानंतर जणू बांधच फुटला. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात बटरकप नावाचं बदक उलट्या पायाने जन्मलं होतं. माइक गॅरी यांनी त्याच्या बहिणीच्या पायाचे फोटो काढून त्यांवरून संगणकावर आराखडा करून घेतला. प्लॅस्टिकचा पाय कडक होतो असं दिसल्यावर पाय छापण्याऐवजी पायाचा साचाच छापला, त्यात सिलिकोन ओतलं आणि २०१३ मध्ये बदक नव्या मऊ पायावर चालू लागलं. २०१४ मध्ये डर्बी हा पुढचे पाय खुरटलेला कुत्रा पळू लागला. त्याच्यासाठी पायाच्या आकाराऐवजी वळसेदार कड्या छापल्या होत्या, म्हणजे त्या जमिनीत रुतत नाहीत. २०१५ मध्ये तुर्कस्तानात बोटीच्या पंख्याने जबडा कापल्या गेलेल्या समुद्री कासवाला टायटॅनियमचा जबडा मिळाला. २०१८ मध्ये कॅनडातल्या गेल्फ इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या मिशेल ओब्लाक यांनी पॅचेस नावाच्या डॅक्सहुंड कुत्रीच्या डोक्यातली मोठी गाठ काढली आणि कवटीच्या वरच्या भागाच्या सुमारे सत्तर टक्के जागी टायटॅनियमची छापलेली कवटी बसवली.

ब्राझीलमध्ये रिओच्या बेकायदा पक्षीबाजारातून २०१५ मध्ये सोडवलेल्या टिएटा नावाच्या टूकन पक्षिणीची कथा आपल्याला जवळची वाटेल. तिची प्लॅस्टिकची चोच जेमतेम चार ग्रॅमची होती आणि ती बसवायला वापरलेला पदार्थ एरंडापासून काढलेला होता. त्याच वर्षी जानेवारीत कोस्टारिकात काही पोरांनी ग्रेशिया नावाच्या टूकनची वरची चोच तोडली. लोकांनी पैसे जमवले आणि दोन भागांची चोच तयार झाली: एक भाग उरलेल्या चोचीवर कायमचा, दुसरा साफसफाईसाठी काढता येणारा. पण ग्रेशियाचा खरा विजय चोचीत नाही. त्याच्यावरच्या क्रौर्याने देश पेटून उठला आणि २०१७ मध्ये कोस्टारिकात प्राण्यांवरील क्रौर्याला शिक्षा देणारा कायदा झाला.

या सगळ्यांत शस्त्रक्रियेच्या दृष्टीने सर्वांत नेटकं काम सिंगापूरचं. जुरोंग पक्षी उद्यानात जॅरी नावाचा २२ वर्षांचा महाधनेश होता. कोकणात ज्याला गरुड म्हणतात तोच हा, चोचीवर पिवळं शिरस्त्राण मिरवणारा. जुलै २०१८ मध्ये त्याच्या शिरस्त्राणावर जखम दिसली आणि तपासणीत कर्करोग निघाला. आधीच्या एका धनेशाला रसायनं देऊन वाचवता आलं नव्हतं. म्हणून रोगट भाग कापून काढायचा असं ठरलं, पण शिरस्त्राणाखाली नाकाची पोकळी असते. ते कापलं की ती उघडी पडणार. सीटी स्कॅनमधून निघालेल्या शेकडो आडव्या चित्रांवरून सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या अभियंत्यांनी पक्ष्याचं डोकं संगणकात उभं केलं. मग त्यांनी दोन वस्तू छापल्या. पहिली म्हणजे करवतीला वाट दाखवणारी चौकट. ती डोक्यावर बसवली की पातं ठरल्या कोनाबाहेर जाऊच शकत नाही. दुसरी म्हणजे त्याच कोनात कापलेल्या कडांवर चपखल बसणारं नवं शिरस्त्राण. १३ सप्टेंबर २०१८ रोजी चौकट लावून जुनं कापलं आणि नवं बसवलं. दुसऱ्या दिवशी जॅरी नेहमीसारखा खाऊ लागला. धनेश आपल्या शेपटीच्या बुडाशी असलेल्या ग्रंथीतलं पिवळं तेल चोचीला चोळतो. काही दिवसांनी जॅरीने ते तेल नव्या शिरस्त्राणालाही चोळलं.

जॅरीच्या शस्त्रक्रियेत करवतीची चौकट ही शिरस्त्राणाइतकीच महत्त्वाची होती. वर्तमानपत्रांत फोटो येतात ते चोचीचे आणि पायांचे. पण पशुवैद्यकात प्रिंटरचा उपयोग बहुतेकदा न दिसणारा असतो. कुत्र्याचा पाय वाकडा वाढला असेल तर त्याच्या हाडाची हुबेहूब प्रतिकृती आधी छापतात. सर्जन ती टेबलावर कापून पाहतो, धातूची पट्टी तिच्यावर वाकवून घेतो आणि मगच भूल देतो. भुलेखालचा वेळ वाचतो, आणि लहान प्राण्यात तो वेळ म्हणजे जीव असतो.

भारतात या कथेची पूर्वपीठिका जयपूरची. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांचा १९६८ चा जयपूर फूट माणसांसाठी होता. त्याच शहरातले पशुवैद्य तपेश माथुर यांनी पाय गमावलेल्या वासरांसाठी हलका कृत्रिम पाय तयार केला आणि त्याला ‘कृष्णा लिंब’ हे नाव दिलं. गोठ्यातलं जनावर माणसाला सरावलेलं असतं, बांधून घेतं, पट्टे आवळू देतं. खरी परीक्षा होती ती रानातल्या जनावराची, आणि ती झाली महाराष्ट्रात.

एप्रिल २०१२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात शिकाऱ्यांच्या लोखंडी सापळ्यात एक तरुण वाघ सापडला. तो जगला, पण पुढच्या पायाचा पंजा गेला. साहेबराव या नावाने तो नागपूरकरांना ठाऊक झाला. नागपूरचे अस्थिरोगतज्ज्ञ सुश्रुत बाभुळकर यांनी त्याला दत्तक घेतलं आणि पशुवैद्यांच्या साथीने कृत्रिम पंजाचा घाट घातला. १८ जानेवारी २०२० रोजी गोरेवाडा बचाव केंद्रात साहेबरावाला भूल देऊन पंजा बसवण्यात आला. वाघाच्या बाबतीत जगातला असा हा पहिलाच प्रयत्न. साहेबराव शुद्धीवर आला आणि त्याने तो पंजा काढून टाकला.

त्यावर हसणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: वाघाला बसवून समजावता येत नाही. माणसाला नवा पाय मिळतो तेव्हा त्याच्याकडून आठवडेच्या आठवडे सराव करून घेतात, कुठे टोचतंय ते तो सांगतो. वाघाच्या लेखी ती पायात अडकलेली परकी वस्तू, सापळ्यासारखीच. चौपायांच्या अंगाचा निम्म्याहून अधिक भार पुढच्या पायांवर असतो, त्यामुळे तिथली चूक जास्त बोचते. न्यूझीलंडमधला ब्रूस नावाचा किआ पोपट तर याच्याही पुढे गेला. वरची चोच नसलेला हा पक्षी जीभ आणि खालची चोच यांच्यामध्ये खडा धरून पिसं साफ करतो, हे संशोधकांनी २०२१ मध्ये नोंदवलं. कृत्रिम चोचीवाचून त्याचं बरं चाललं आहे. आधी प्राण्याचं काय अडलं आहे ते पाहावं आणि मगच यंत्र सुरू करावं, हा धडा गोरेवाड्यानेही दिला आणि ब्रूसनेही.

या धड्याच्या पुढचं पाऊल बेंगळुरूत पडलं, आणि ते तिथे पडावं यात नवल नाही. हिंदुस्थान एअरोनॉटिक्स आणि एचएमटीपासून यंत्रांच्या कारागिरीवर वाढलेलं हे शहर. विप्रोची धातूचे भाग छापणारी शाखाही इथलीच. १८ ऑगस्ट २०२३ रोजी देशातलं पहिलं थ्रीडी छपाईने बांधलेलं टपाल कार्यालय सुरू झालं ते हलसूरजवळच्या केंब्रिज लेआउटमध्ये. दुसरीकडे जनावरांच्या सेवेची परंपराही इथे जुनी आहे. हेब्बाळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ चं.  आयुष्यभर जनावरांच्या मागे धावलेल्या क्रिस्टल रॉजर्स या इंग्रज बाईंनी म्हातारपणी १९९१ मध्ये ‘क्यूपा’ ही संस्था काढली ती याच शहरात. शहराच्या दक्षिणेला बन्नेरघट्टा जैविक उद्यानात ‘वाइल्डलाइफ एसओएस’चं अस्वल बचाव केंद्र २००५ पासून आहे. नाकात दोरी ओवून गावोगाव नाचवलेली अस्वलं तिथे आली. दरवेश्यांकडची जवळजवळ सगळी अस्वलं सोडवून झाल्यावर राजू नावाचं शेवटचं अस्वल डिसेंबर २००९ मध्ये इथेच पोचलं.

याच केंद्रात वसिकरन हे तीन पायांचं अस्वल राहतं. २०१९ मध्ये बळ्ळारी भागात फासात अडकल्याने त्याने पाय गमावला. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचे डेरिक कॅम्पाना, ज्यांनी कुत्र्यांपासून हत्तींपर्यंत अनेकांना पट्टे आणि पाय करून दिले आहेत, बन्नेरघट्ट्यात आले आणि वसिकरनला कृत्रिम पाय बसवला. आपल्याकडच्या अस्वलाच्या जातीत जगात असं पहिल्यांदाच झालं. कॅम्पाना मूळचे साचा घेऊन अंगाबरहुकूम पाय घडवणारे. प्रिंटर हे त्या साच्याच्या कामाचं पुढचं रूप आहे आणि हाताला पर्याय मुळीच नाही.

वसिकरनचा पाय बेंगळुरूच्या अभिमानाचा विषय झाला. पण त्याच शहराच्या आकाशात घारी आहेत. आषाढातल्या वाऱ्यावर पतंग चढतात आणि घारी मांज्यात अडकून खाली येतात. ‘एव्हियन अँड रेप्टाइल रिहॅबिलिटेशन सेंटर’ आणि ‘पीपल फॉर ॲनिमल्स’ या तिथल्या संस्थांच्या टेबलांवर मांज्याने कापलेल्या पक्ष्यांची रीघ लागते. अशी घार जवळून पाहावी. पंखाच्या पुढच्या कडेला खांद्यापासून मनगटापर्यंत एक पातळ कातडी ताणलेली असते, तिच्या कडेने लवचीक कंडरा जाते. पंख उघडला की ती ताणली जाते, मिटला की आक्रसते. तिच्यावाचून उड्डाण जमत नाही. मांजा नेमका तिथे रुततो. पक्षी सुटण्यासाठी जितकी झटापट करतो तितका मांजा आत जातो आणि कंडरा करवतल्यासारखी तुटते. वरून पाहणाऱ्याला पंख शाबूत दिसतो, हाड मोडलेलं नसतं, पण घार पुन्हा उडत नाही.

ही कातडी कोणत्याही प्रिंटरने छापता येत नाही. चोच छापता येते, कारण ती कडक आहे. कवटी छापता येते, पाय छापता येतो. ताणणारं, आक्रसणारं, रक्ताने जगणारं ऊतक छापून पक्ष्याच्या पंखात जिवंत ठेवणं आजच्या यंत्राच्या आवाक्याबाहेर आहे. शिवाय चोच एका वेळी एकाच पक्ष्याची होते, मांजा मात्र रिळांनी विकला जातो. फासे डझनाने लागतात. जखमा घाऊक होतात आणि इलाज सुट्या नगाने. या हिशेबात प्रिंटर कितीही स्वस्त झाला तरी तो मागेच राहणार.

म्हणून या इतिहासाचा निकाल यंत्राच्या बाजूने अर्धाच लागतो. सुटा नग परवडू लागला, हे त्याचं मोठं देणं, आणि टिएटा, पॅचेस, जॅरी हे त्याचे पुरावे. पण गोळी, सापळा, फास, सुरुंग आणि मांजा ही यादी पुन्हा वाचली तर इथल्या बहुतेक जखमांचं मूळ माणसाच्या हातात सापडतं, आणि तिथे कोस्टारिकाचा कायदा प्रिंटरपेक्षा जास्त पक्षी वाचवतो. आपल्याकडेही राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये नायलॉन आणि कृत्रिम धाग्याच्या मांज्यावर देशभर बंदी घातली आहे. तरी संक्रांतीच्या आधी नागपुरात आणि येवल्यात पोलिसांना त्याची रिळं पकडावी लागतात, कारण ती घेणारे हात आहेत.

ते हात आपले नसावेत, एवढं तरी आपल्याला करता येईल. घरातल्या मुलांना साधा सुती दोरा आणून द्या. पतंग उडवून झाल्यावर झाडात, तारांवर आणि गच्चीवर अडकलेला धागा गुंडाळून टाका. पुढच्या महिन्यात तोच एखादा पंख कापतो. अडकलेला पक्षी दिसला तर अंगात रुतलेला मांजा ओढू नका, दोन्ही बाजूंनी कापा. पक्ष्याला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवा, तोंडात पाणी ओतू नका, आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच फोन करा.